दोन पावलं मागची जागा

रस्त्यावर अनोळखी माणसाला थांबवून येशूबद्दल सांगायचं, हे काम मी आणि बाई अकरा वर्षं करतोय. ऐकणाऱ्याला वाटतं, याला फार धाडस लागत असेल. धाडस थोडंच लागतं. शिस्त जास्त लागते, आणि ती माझ्याकडे होती.

मी सांगलीत राहते. एका दवाखान्याच्या औषध भांडारात नोकरी करते. कुठल्या फळीवर काय आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे पाठ असणं हाच माझा रोजचा उद्योग. बाई साताऱ्याच्या. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या. नवरा वारलेला, मुलगी पुण्यात, घरात एकट्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी साताऱ्याला जायचे, तिसऱ्या शनिवारी त्या सांगलीला यायच्या.

एकीनं बोलायचं, दुसरीनं दोन पावलं मागे उभं राहून मनातल्या मनात प्रार्थना करायची, अशी आमची पद्धत. बोलायच्या नेहमी बाई. मला बोलता येत नाही, मी माहितीपत्रक वाचल्यासारखी बोलते. बाईंचं बोलणं म्हणजे समोरच्याच्या हातातलं ओझं धरल्यासारखं. "दोन मिनिटं आहेत का? नसतील तर एक द्या." इतकी सुरुवात. मग, देवानं तुम्हाला टाकलेलं नाही, येशू तुमच्यासाठीच आला, तुमच्यासाठी मेला आणि उठला, इतकंच. पत्रिका हातात द्यायची, ख्रिस्ती रीतीनं सलाम म्हणायचं आणि पुढे निघायचं. बोलायला लागण्याआधी त्या मागे हात करून सांगायच्या, "ही माझी सोबतीण. ती बोलत नाही, तुमच्यासाठी प्रार्थना करते." लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे. मीही हलवायचे.

नियम मी केले होते आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. नाव विचारायचं नाही. जात विचारायची नाही. कुणाच्या घरात शिरायचं नाही. आजार बरा होईल असं म्हणायचं नाही. नको म्हटलं की तिथेच थांबायचं. नाव विचारायचं नाही म्हणून वहीत माणसांच्या खुणा असत. हिरवी पिशवी, गुडघा दुखतो. मिशीवाले, मुलगा सैन्यात. बुधवारी आमच्या चर्चच्या मंडळीच्या प्रार्थनेत ही यादी वाचली जायची. हिरव्या पिशवीच्या आजींसाठी तीन वर्षं प्रार्थना चालू होती आणि त्यांचं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटचा नियम नंतर आला. एकदा सांगलीत, मारुती रोडवर, चार-पाच जणांनी आम्हाला घेरलं. समोरच्या पानवाल्याला तुम्ही काय आमिष दाखवलं, असं विचारत होते. मी वही उघडली आणि बाई काय बोलल्या, तो काय बोलला, ते शब्दाला शब्द वाचून दाखवलं.

"एवढंच?" त्यांच्यातला एक म्हणाला.

"एवढंच."

"आयला, ह्यांनी तर तलाठ्यासारखं लिवून ठेवलंय," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. प्रकरण चहावर मिटलं. पण परतताना बाईंनीच सांगितलं की आणखी एक नियम लिही. आपण काय बोललो, हे जिला आठवणार नाही तिनं काम थांबवायचं. ज्या दिवशी आपल्याला उत्तर देता येणार नाही, त्या दिवशी दोघींना आणि मंडळीला त्रास होईल. मी लिहिलं. दोघींनी सही केली.

आमच्यापैकी एकीला थांबावं लागणार, हे मला गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कळलं. कुणाला, ते कळायला आणखी अडीच आठवडे गेले.

पहिला शनिवार होता. मोती चौकाजवळ घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एकाची टपरी आहे. आत तो एकटाच मावतो. आम्ही त्याच्यासमोर उभ्या राहिलो. बाईंनी तोंड उघडलं तेवढ्यात, डोळ्यावरचं भिंग न काढताच तो म्हणाला, "बाई, झालं की आपलं मंगळवारी."

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हेच. समदं ऐकलं की मी. पत्रिका पण हाय." त्यानं खणातून आमची निळी पत्रिका काढून दाखवली.

"घड्याळं दुरुस्त करता आणि वार चुकवता होय?" बाई हसल्या.

"वार कसा चुकंल? मंगळवारी आमच्या ह्या लायनीत लाईट नसती. रिकामा बसलो व्हतो, म्हणून तर ऐकलं. दोघी व्हता की तुमी." मग त्यानं भिंग वर सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "ह्या व्हय त्या?" त्यानं बाईंना विचारलं.

"ह्याच," बाई म्हणाल्या, आणि आम्ही पुढे गेलो.

मंगळवारी मी सांगलीत भांडारात साठा मोजत होते. हजेरीपुस्तकात माझी सही आहे. मी मनात म्हटलं, माणूस चुकला. पण घरी आल्यावर वही उघडली, तर साताऱ्याच्या आधीच्या शनिवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मोती चौक, घड्याळवाले, डोळ्याला भिंग, ऐकून बरं वाटलं म्हणाले.

मला हा माणूस आठवत नव्हता. आज पहिल्यांदाच बघितला, अशी माझी खात्री होती.

मी मागची पानं चाळली. उन्हाळ्यापासूनच्या साताऱ्याच्या प्रत्येक शनिवारी तीन-चार नोंदी अशा निघाल्या, ज्यांचा चेहरा माझ्या डोळ्यासमोर येईना. हाताला पट्टी, राजवाड्यासमोर. दोन छत्र्या घेतलेली बाई. चप्पल शिवून घेणारे सद्गृहस्थ, रडले. रडणारा माणूस मी विसरेन? अक्षर माझं होतं, शाई माझ्या पेनाची होती.

यात मला भीती कशाची वाटली ते सांगते. माझ्या आईनं छप्पन्नाव्या वर्षी चहात मीठ घातलं. सत्तावन्नाव्या वर्षी मला विचारलं की तू कुणाची गं. मी त्रेपन्न वर्षांची आहे.

मी माझ्या पद्धतीनं तपासणी सुरू केली. भांडाराच्या अकरा फळ्यांवरची औषधं डोळे मिटून म्हटली, एकही चुकलं नाही. बसमध्ये शंभरातून सात-सात वजा करत गेले, दोनपर्यंत बरोबर पोचले. दवाखान्यातल्या डॉक्टरांना, ओळखीतल्या एका बाईंचं आहे असं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "त्या बाईंना घेऊन या." मी बरं म्हटलं. पण पाठांतर चोख असून माणसं पुसली जात असतील, तर अशी तपासणी करून काय उपयोग? फळीवरच्या औषधानं रडून दाखवलेलं नसतं.

तिसऱ्या शनिवारी बाई सांगलीला आल्या. गणपती पेठेतून चालताना मी त्यांना सांगून टाकलं. "बाई, मला थांबावं लागणार असं दिसतंय. मला आठवत नाही."

त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. "तुला? अगं, माझ्या नवऱ्याच्या दफनाला किती खुर्च्या मागवल्या होत्या, ते सांग."

"साठ. सहा मोडक्या होत्या."

"मग?"

मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली. मग म्हणाल्या, "नियम आहे. तू केलास म्हणून तुला सूट नाही. पण मागं कुणी नसलं ना, तर मला शब्द येत नाहीत गं. शाळेतसुद्धा फळ्याकडं पाठ करून कधी शिकवलं नाही मी." मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "महिनाभर बघू."

मला वाट बघणं जमत नाही. मंगळवारी मी रजा टाकली आणि बाईंना न कळवता साताऱ्याची बस पकडली. घड्याळवाल्याला एवढंच विचारायचं होतं की त्या दिवशी तुमच्यासमोर कोण उभं होतं.

साडेदहाला मोती चौकात पोचले तेव्हा वीज गेलेली होती. त्यानं सांगितलं होतं तसंच. मी इतक्या वर्षांत तो चौक कायम शनिवारी बघितलेला. मंगळवारचा चौक वेगळाच होता. ऊन लख्ख, आणि दुकानं आतून काळी. पंखे थांबलेले. झेरॉक्सचं यंत्र, रसाचा चरक, मोबाईलवाल्याचं गाणं, काहीच नाही. दुकानदार पायऱ्यांवर येऊन बसलेले, हळू बोलत होते. एखाद्या घरात माणूस आजारी असलं की शेजारी बोलतात, तसं. वर किल्ल्याचा डोंगर इतका जवळ वाटत होता की कुणी त्याला रात्रीतून पुढे सरकवला असावा.

आणि त्या उन्हात, रस्त्याच्या पलीकडे, निळी कापडी पिशवी खांद्याला लावून बाई चालत होत्या.

त्या एकट्या होत्या. पण एकटं माणूस चालतं तशा चालत नव्हत्या. डावीकडे एका माणसाची जागा सोडून चालत होत्या. दोन हातगाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेपाशी त्या थांबल्या, बाजूला झाल्या, कुणाला तरी आधी जाऊ दिलं आणि मग स्वतः गेल्या. मी हाक मारायच्या ऐवजी एका खांबाच्या आड झाले.

एका पायरीवर लष्करी कँटीनची पिशवी मांडीवर घेऊन एक निवृत्त फौजी बसले होते. पाठ ताठ, बूट चकचकीत. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. इतकी शांतता होती की मला रस्त्यापलीकडून शब्द ऐकू येत होते.

"दोन मिनिटं आहेत का?"

"वेळच वेळ आहे. लाईट तीनला येणार."

"ही माझी सोबतीण," बाई म्हणाल्या, आणि मागे हात केला. "ती बोलत नाही, तुमच्यासाठी प्रार्थना करते."

फौजींनी बाईंच्या खांद्यावरून मागे बघितलं. तिथे फरशी होती, उन्हाचा एक पट्टा होता, आणि काही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग त्यांनी त्या मोकळ्या जागेला, अदबीनं, नमस्कार केला.

मी मान हलवली.

ते मला नंतर कळलं. रस्त्याच्या या बाजूला, खांबाच्या आडोशाला उभी राहून मी मान हलवली होती, अकरा वर्षं हलवत आले तशी. बाई बोलत होत्या, नेहमीसारख्याच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्या मोकळ्या फरशीकडे बघता बघता मला वाटायला लागलं की तिथे उभं आहे ते खरं, आणि इथे खांबाला टेकलेलं माणूस कुणीतरी भलतंच. मी खाली बघून माझी सावली तपासली. सावली होती.

"आवं ताई, सरका की जरा. गिऱ्हाईकाला फुलं दिसंनात." माझ्या पायाशी एक हारवाली बसली होती. मी बाजूला झाले. तिनं मान वर केली आणि तिचा हात गजऱ्यावरच थांबला. "आवं, तुमीच की त्या!"

"कोण?"

"बाईंच्या मागच्या. शनवारच्या." ती आवाज खाली आणून म्हणाली, "मंगळवारी ज्या नसत्यात, त्या."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. विचारलं, "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासनं. पयल्यांदा आमी हसलो, खोटं कशाला बोलू. नंतर भ्या वाटाय लागलं. लय शाण्या बाई हो, माझी थोरली त्यांच्याच हाताखाली शिकली. बाई हितं येत्यात, मला म्हंत्यात, हिला पाणी दे गं, दमली आसंल. मग मी दोन गिल्लास भरती."

"दोन?"

"मग? मास्तरीणबाईंना काय म्हनू, कुनी न्हाई म्हनून?"

"दुसऱ्या पेल्यातल्या पाण्याचं काय होतं?"

"तितंच ऱ्हातं. बाई गेल्या की झाडाला वतती." तिनं सुईत दोरा ओवला. "एक डाव घड्याळवाला म्हनला, आण हिकडं, मी पितो. मी दिलं न्हाई. दुसऱ्याचं हाय ते."

मग माझ्या लक्षात आलं ते सांगते, कारण ती चूक माझ्यासारखीच बाई करू शकते. साताऱ्याच्या शनिवारी मला चारची बस पकडायची असे. घाईत काही नोंदी राहून जात. मग मधल्या दिवसांत कधीतरी, संध्याकाळी सहाला, बाईंचा फोन यायचा. "लिही, उरलेले सांगते." ते उरलेले मंगळवारचे होते. मी कणीक मळता मळता फोन कानाला लावून लिहायचे. माझ्या वहीत पानं फक्त शनिवारची आखलेली. दुसऱ्या वारासाठी रकानाच नव्हता, म्हणून बाई जे सांगतील ते मी साताऱ्याच्या आधीच्या शनिवारी टाकायचे. आणि यादी मंडळीत एकच जण वाचतो, म्हणून सगळं "आम्ही" असंच लिहायचं. आम्हाला भेटले. आम्ही बोललो. आमच्यापाशी रडले. नंतर ते माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं, आणि मी माझ्या डोक्याला दोष देत बसले होते.

आपलं डोकं शाबूत आहे हे कळल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही.

मी उठले तेव्हा बाई चौकात नव्हत्या. त्यांच्या घरी जायला मला वीस मिनिटं लागली. दार त्यांनीच उघडलं. "अगं! आत्ताच तर स्टँडवर सोडलं तुला. बस चुकली का?"

मी आत गेले. टेबलावर दोन ताटल्या, दोन कप. एक कप रिकामा, दुसरा भरलेला, वर साय धरलेली.

"तुझा चहासुद्धा तसाच राहिला," बाई म्हणाल्या. "घाई कसली असते तुला?"

"बाई, आज कुठला वार?"

"शनि..." त्या थांबल्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे गेल्या. त्यांना रोजचा दिवस खोडायची सवय आहे. सोमवारपर्यंत खोडलेलं होतं. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मंगळवार."

"मी आज तुमच्याबरोबर नव्हते. कुठल्याच मंगळवारी नव्हते."

त्या खुर्चीवर बसल्या. मी वही पुढे केली. त्यांनी पेनाच्या डब्यातून लाल पेन काढलं, आणि वही तपासावी तशी एकेक ओळ वाचत, जी आठवत नव्हती तिच्यापुढे बारीक खूण करत गेल्या. मी कप धुतले. परत आले तर चार पानं लाल झाली होती.

"म्हणजे मी," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तू बिचारी स्वतःची परीक्षा घेत बसलीस." मग चष्मा काढून, अगदी शाळेत विचारावं तसं विचारलं, "मग मागं कोण उभं होतं?"

"कुणी नाही, बाई."

"असं कसं? मी बोलत होते ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून, दाराकडे. "मागं कुणी नसलं की मला बोलता येत नाही. बोलले, याचा अर्थ कुणीतरी होतं. तू नव्हतीस म्हणतेस. ठीक. पण कुणीच नव्हतं, हे तुला कसं माहीत?"

मी विश्वासणारी बाई आहे. अनोळखी माणसाजवळ कुणीतरी उभा असतो हेच तर आम्ही रस्त्यावर सांगतो. तरी त्या दुपारी मला मागे वळून दाराकडे बघायचं धाडस झालं नाही.

"नियम आहे," शेवटी बाईच म्हणाल्या. "मी थांबते." आणि हे म्हणताना त्यांचं तोंड इतकं लहान झालं की मला ते बघवेना. या कामाशिवाय त्यांच्याकडे आठवड्यात दुसरं काही नव्हतं. त्यांना एकदम सगळं सोडायला सांगणं माझ्यानं झालं नाही.

"बोलायचं थांबवा," मी म्हटलं. "यायचं थांबवू नका. आता मी बोलते, तुम्ही मागं उभ्या राहा."

त्यांनी पहिल्या पानावर तसं लिहून सही केली. मीही केली.

पुढची कामं मी आठ दिवसांत उरकली. पुण्याला मुलीला फोन केला. ती आली, डॉक्टरांकडे नेऊन आणलं, गोळ्या सुरू झाल्या. सकाळी आठ ते दहा घरकामाला एक बाई ठेवली. शेजारी किल्ली दिली. बाईंच्या पिशवीत फोन नंबरची चिठ्ठी शिवली. जाताना मुलगी म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा जरी अशी एकटी बाहेर भटकली, तर मी तिला घेऊन जाते. फ्लॅट आठव्या मजल्यावर आहे, दाराला लॅच आहे. दुसरा उपाय नाही माझ्याकडे." तिचं चुकत नव्हतं. बाई आतल्या खोलीत होत्या. ऐकलं असेल की नाही, माहीत नाही.

पुढच्या शनिवारी मी बोलले. वाईटच बोलले. साताऱ्यात राजपथावर एका माणसाला थांबवून मी सलग चार वाक्यं म्हटली, श्वास न घेता.

"बँकेच्या का तुमी?" त्यानं विचारलं.

"नाही, येशूबद्दल..."

"मग बरं. बँकेला भिऊन असतो मी." त्यानं पत्रिका घेतली आणि गेला. मागे बाई फिस्सकन हसल्या. पण त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी सुटलेली दिसली. मला वाटलं, जमलं.

तीन दिवसांनी, मंगळवारी अकराला, भांडारात माझा फोन वाजला. हारवाली होती. मीच तिला नंबर देऊन ठेवला होता.

"ताई, बाई आल्यात."

"बोलतायत कुणाशी?"

"न्हाई. तेच तर. काय बोलंनात. डोळं झाकून हुब्या हायती. मी हाक मारली, तर बोटानं गप म्हनल्या. म्हनल्या, ती बोलतीय." फोनमध्ये चौकाचा आवाज नव्हता, तिच्या श्वासाचाच होता. "ताई, तुमी तितंच हाय ना, सांगलीत?"

"मी इथंच आहे."

"मग ठीक हाय," ती म्हणाली, पण ठीक असल्यासारखं नाही. "मानसं त्यांच्या म्होरनं जाईनात. वळसा घालून जात्यात. त्यांच्या म्होरं कुनी हुबं असल्यागत."

मी तिला म्हटलं, त्यांना सावलीत बसव, पाणी दे, रिक्षात घालून शेजारच्यांकडे सोड. तिनं सगळं केलं. मुलीला मी त्या दिवशी फोन केला नाही. करायला हवा होता, असं वहीत लिहिलं. मग साहेबांकडे अर्ज दिला की माझी साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी मंगळवारी करावी. साहेब म्हणाले, "रविवारी तुम्हाला चर्चला जायचं असतं ना?" म्हटलं, उपासना सकाळी लवकर असते, दुपारपाळी लावा. त्यांनी सही केली. त्यानंतर मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दर मंगळवारी? नक्की?" मी नक्की म्हटलं.

पुढच्या मंगळवारी पहाटेची बस पकडून निघाले. इस्लामपूरला बस पंक्चर झाली, वीस मिनिटं गेली. बाईंच्या घराला कुलूप होतं. मी चौकाकडे पळतच गेले.

बाई हारवालीच्या पाटीपासून थोड्या अंतरावर उभ्या होत्या. डोळे मिटलेले, निळी पिशवी छातीशी, ओठ हलत होते. वीज नव्हती. दुकानदार पायऱ्यांवर बसून बघत होते, आणि कुणीही हसत नव्हतं. बाईंच्या पुढे दोन पावलांवर एक माणूस उभं राहील एवढी जागा होती. भरल्या रस्त्यात तेवढीच मोकळी. एक सायकलवाला आला, तिथे येऊन त्यानं हँडल वळवलं. भाजीची पाटी घेतलेल्या दोघी आल्या, बोलत बोलत एक डावीकडून गेली, एक उजवीकडून, आणि पलीकडे पुन्हा एकत्र झाल्या.

हारवालीनं मला बघितलं आणि सुई खाली ठेवली.

मी त्या जागेच्या काठाशी थांबले. माझीच जागा होती, तरी कुणाला तरी उठवून बसल्यासारखं होईल असं वाटत होतं. तिथलं ऊन बाकीच्या रस्त्यापेक्षा थोडं गार होतं. किंवा मी धावून घामाघूम झाले होते म्हणून तसं वाटलं. "सलाम," मी पुटपुटले, नक्की कुणाला ते ठाऊक नाही, आणि पाऊल आत टाकलं.

मागे बाईंचं पुटपुटणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, त्याच लयीत.

समोरून एक बाई येत होती. कडेवर मूल, हातात प्रवासाची पिशवी. आता ती वळसा घालून गेली नाही. सरळ माझ्यावर येऊन धडकता धडकता थांबली.

"दोन मिनिटं आहेत का?" मी म्हटलं. "नसतील तर एक द्या."

"बिगीनं बोला," ती म्हणाली. "कुंडलची गाडी हाय मला." मग माझ्या खांद्यावरून मागे बघून तिनं विचारलं, "ह्या कोन?"

"ही माझी सोबतीण," मी म्हटलं, आणि सुरुवात केली.